घरी ॲनोडायझिंग जमतं का? (कन्येचा विज्ञान प्रकल्प)

नाशिकचे_बाबा

नमस्कार मंडळी,

कन्या नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातले दरवर्षीचे ज्वालामुखी आणि ठिबक सिंचनाच्या बाटल्या बघून वैतागली आहे. दिवाळीत सायकलच्या दुकानात तिला निळे-जांभळे ॲल्युमिनियमचे नट दिसले. दुकानदार म्हणाला, "हा रंग मारलेला नाही, ॲनोडायझिंग आहे. नखाने निघणार नाही." झालं! तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिने व्हिडिओ बघून यादी केली आहे: बॅटरीचं ॲसिड, जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), शिशाचा पत्रा आणि खाण्याचे रंग. नावाच्या पट्ट्या रंगवून किचेन करायच्या आहेत.

मी बँकेत आहे. माझं रसायनशास्त्र बारावीत संपलं, तेही काठावर. तर प्रश्न असे:

१) हे घरी खरंच होतं का?
२) नववीतल्या पोरीला सल्फ्युरिक ॲसिडच्या आसपास फिरकू द्यावं का?
३) सौ. म्हणतात, "फरशीला डाग पडला तर दोघंही बाहेर झोपायचं." यावर उपाय?

हातात तीन आठवडे आहेत.

मिनी_माऊ

तिसऱ्याचं उत्तर: गच्ची. करायचंही तिथेच आणि वेळ आली तर झोपायचंही तिथेच. :)

कट्टेकरी

बाबा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. १ आणि ३ सोडा, २ महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर "नाही" असं आहे. ॲसिड हल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली विक्रीवर बंधनं घातली ती उगाच नाहीत. १८ वर्षांखालच्याला द्यायचं नाही, ओळखपत्र बघायचं, नोंदवहीत लिहायचं. आणि आपण ते घरात आणून पोराबाळांसमोर ओतायचं? ज्वालामुखी काय वाईट आहे? सोडा नि व्हिनेगर, फार तर ओटा पुसावा लागतो.

गंजलेला_खिळा

ज्वालामुखीची बाजू घेणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

भोसरीचा_भाऊ

या धंद्यात १८ वर्षं काढली आहेत (आधी दुसऱ्याच्या प्लेटिंग शॉपमध्ये, आता स्वतःचं छोटं जॉबवर्क), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरी होतं. आमच्या टाकीत जे होतं तेच बादलीत होतं. फक्त आमच्याकडे चिलर (टाकी गार ठेवणारं यंत्र) आणि रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) असतो, तुमच्याकडे बर्फ आणि एसएमपीएस.

ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा पापुद्रा असतो, काही नॅनोमीटरचा. आपण तो विजेने वाढवून १०-१५ मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) नेतो. वस्तू प्लसला लावायची, म्हणून ती ॲनोड. गंमत अशी की ॲसिड तो थर एकीकडे विरघळवत असतं आणि वीज दुसरीकडे तयार करत असते. या ओढाताणीत थराला मधाच्या पोळ्यासारखी उभी भोकं पडतात. रंग त्या भोकांत शिरतो. नंतर उकळत्या पाण्यात टाकलं की ऑक्साइड पाणी पिऊन फुगतो आणि भोकांची तोंडं मिटतात. आम्ही त्याला सीलिंग म्हणतो. नखाने निघत नाही ते यामुळे.

आता माप. बॅटरीवाल्याकडचं ॲसिड साधारण ३७ टक्के असतं. एक भाग ॲसिडला दीड ते दोन भाग डिस्टिल्ड वॉटर. आधी पाणी, मग त्यात ॲसिड हळूहळू. उलटं केलंत तर उसळून तोंडावर येईल. प्लॅस्टिकचा टब घ्या. बाथ, म्हणजे टबातलं द्रावण, १८ ते २२ अंशांत ठेवा, १२ ते १५ व्होल्ट पुरतात. करंट क्षेत्रफळावर ठरतो, चौरस डेसिमीटरला (१०० चौरस सेंटिमीटर) दीड ॲम्पियर धरा, हीच करंट डेन्सिटी. ५ बाय ४ सेंटिमीटरची पट्टी दोन्ही बाजू धरून ४० चौरस सेंटिमीटर झाली, म्हणजे ०.६ ॲम्पियर. अशा पाच टांगल्या तर ३. मायक्रॉन काढायला आमचा सोपा हिशोब: ०.३ गुणिले करंट डेन्सिटी गुणिले मिनिटं. अर्ध्या तासात साडेतेरा मायक्रॉन, रंगाला भरपूर.

शिशाचा पत्रा आणू नका. विषारी जिन्नस मुलीच्या हातात कशाला? मायनसला ॲल्युमिनियमचाच पत्रा चालतो. त्या पत्र्यावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, म्हणून उघड्यावर करायचं, जवळ काडी-उदबत्ती नको.

कट्टेकरींच्या मुद्द्यावर: ॲसिड आणायचं, मिसळायचं, ओतायचं काम वडिलांनीच करायचं. मुलीने मोजायचं, लिहायचं, आणि गॉगल दोघांनीही लावायचा. शेजारी पाण्याची बादली आणि खाण्याचा सोडा.

शेवग्याची_शेंग

भाऊ, दंडवत! प्रतिसाद जपून ठेवला आहे.

अवांतर: माझी हार्ड ॲनोडाइज्ड कढई (लग्नातली, काळी कुळकुळीत) नणंदेने डिशवॉशरमध्ये घातली आणि ती पांढुरकी पडून बाहेर आली. हा तोच थर का? आणि जर्मलच्या पातेल्यात पाणी उकळलं की ते आतून काळं पडतं, त्याचा याच्याशी काही संबंध?

भोसरीचा_भाऊ

@शेवग्याची_शेंग, हो, तोच. कढईला हार्ड ॲनोडायझिंग असतं: बाथ शून्याच्या आसपास गार, करंट जास्त, थर जाड. तो खरवडला तरी लवकर हटत नाही, पण अल्कलीपुढे त्याचं काही चालत नाही. डिशवॉशरची पावडर तिखट अल्कली. याच कारणाने नव्या बिल्डिंगच्या ॲनोडाइज्ड खिडक्यांवर प्लास्टरवाले सिमेंट उडवतात आणि डाग कायमचा बसतो. मग फॅब्रिकेटर आम्हाला शिव्या घालतो.

पातेल्याचं काळं पडणं निराळं. खारट-क्षारयुक्त पाण्यात तिथे पातळ थर बनतो, अपायकारक काही नाही. चिंचेने किंवा टोमॅटोने निघतो, आजीला विचारा.

विमलताई

निवृत्त विज्ञान शिक्षिका. भाऊंनी फार छान समजावलं आहे. मुलीला हेही सांगा की तिच्या पुढच्या वर्षीच्या पुस्तकात हे आहे: दहावी, धातुविज्ञान, क्षरण रोखण्याचे उपाय. तिथे शब्द आहे "धनाग्रीकरण". फलकावर मराठी शब्द वापरावा.

आणि एक काळजी. पृष्ठभाग साफ करायला व्हिडिओत कॉस्टिक सोडा वापरतात. ॲसिडचं नाव काढलं की सगळे सावध होतात, कॉस्टिकला मात्र घरातलं म्हणून कोणी भीत नाही. डोळ्यात गेलं तर ते आम्लापेक्षा वाईट. शिवाय ॲल्युमिनियमशी त्याची गाठ पडली की फसफसून हायड्रोजन निघतो आणि भांडं तापतं.

गंजलेला_खिळा

धनाग्रीकरण! ऐकून वाटतं धनाढ्य होण्याची योजना आहे. बाबा बँकेतलेच, जमून येईल.

कट्टेकरी

विमलताई, शब्द चुकीचा नाही पण कोण म्हणतं हो असं? खिडकीवाल्याला "धनाग्रीकृत सेक्शन द्या" म्हटलं तर तो शेजारच्या दुकानात पाठवेल.

विमलताई

खिडकीवाल्याशी ॲनोडायझिंगच म्हणा. पण धनाग्र म्हटलं की मुलाला विजेचं कोणतं टोक ते लगेच कळतं. "ॲनोड" पाठ करावं लागतं. आमच्या वर्गात निम्मी मुलं परीक्षेत प्लस-मायनस उलटं लिहीत, ती या शब्दाने सुधारली. मी ३१ वर्षं हेच केलं, आता बदलत नाही.

ह्यूस्टनचा_गण्या

इकडे मी लेकासोबत हेच केलं. ॲसिडऐवजी सोडियम बायसल्फेट घेतलं. पोहण्याच्या तलावाचा पीएच उतरवायची पावडर म्हणून इथे सरळ मिळते. पाण्यात विरघळवली की बऱ्यापैकी आम्लधर्मी द्रावण मिळतं. थर जरा सावकाश बसतो, पण गाडीत ॲसिडचा कॅन हिंदकळत आणायचा ताप वाचतो. भारतात प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्यांकडे विचारून बघा. द्रावण झाल्यावर तेही ॲसिडच समजायचं, गॉगलला सुट्टी नाही.

इतिहासवेडा

या धातूचा इतिहास कोणी काढला नाही म्हणून मीच काढतो. तिसऱ्या नेपोलियनच्या मेजवानीत खास पाहुण्यांना ॲल्युमिनियमचे काटे-चमचे आणि बाकीच्यांना सोन्याचे देत, असं सांगतात. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर ॲल्युमिनियमचं टोपण बसवलं तेव्हाही तो मानाचा धातू होता. दोनच वर्षांनी अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांना न ओळखता, विजेने तो स्वस्तात काढायची एकच रीत शोधली. दोघांचा जन्म १८६३ चा आणि मृत्यू १९१४ चा! ॲनोडायझिंग मात्र १९२३ चं. इंग्लंडमध्ये सागरी विमानांचं ड्युरालुमिन (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) खाऱ्या पाण्याने सडत होतं, त्यावरचा तो इलाज. तेव्हा क्रोमिक आम्ल वापरत, सल्फ्युरिकचं पेटंट १९२७ चं.

मिनी_माऊ

म्हणजे आजीच्या जर्मलच्या पातेल्यापुढे नेपोलियनचा थाट काहीच नाही.

नाशिकचे_बाबा

सगळ्यांचे आभार. रविवारी पहिला प्रयत्न झाला. गच्चीवर. ॲसिड मीच आणलं, ओळखपत्र दाखवून, सही करून.

निकाल: शून्य. अक्षरशः शून्य. मल्टिमीटरवर ०.०० ॲम्पियर. पट्ट्या स्लायडिंग खिडकीवाल्याकडच्या तुकड्यांतून कापून घेतल्या, छान चकचकीत होत्या. तारा तपासल्या, एसएमपीएस बदलला, कन्येने पॉलिटेक्निकमधल्या आतेभावाला बोलावलं. एक बुडबुडा येईल तर शपथ! शेवटी तिने टबाकडे बघून "हे पाणी तर नाही ना?" असं विचारलं तेव्हा मला बॅटरीवाल्यावरही संशय आला.

भोसरीचा_भाऊ

बॅटरीवाला निर्दोष आहे. :) खिडकीवाल्याचे तुकडे आधीच ॲनोडाइज केलेले होते! तो थर वीज वाहू देत नाही. मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन्ही टोकं पट्टीवर टेकवा, आवाज येणार नाही. त्याच्याकडून मिल फिनिश सेक्शन मागा, म्हणजे कोरा. नाहीतर जुना थर कॉस्टिकमध्ये काढावा लागेल, ते विमलताई लिहितात तसं जोखमीचं. पॉलिश पेपरने घासलंत तरी चालेल, हात भरून येतील एवढंच.

गंजलेला_खिळा

थोडक्यात, प्रयोग आधीच यशस्वी झालेला होता. बाबा उशिरा पोचले.

नाशिकचे_बाबा

बीप आली नाही!! कन्या घरभर मल्टिमीटर घेऊन फिरते आहे. खिडक्या: बीप नाही. कुकरचं झाकण: बीप. कढई: बीप नाही. माझा चष्मा: बीप.

बुधवारी दुसरा प्रयत्न. मिल फिनिश पट्ट्या, आणि एक दाराची जुनी कडीही टाकली. बुडबुडे जोरात, आम्ही खूश. दहा मिनिटांनी टबातलं पाणी निळसर व्हायला लागलं. अर्ध्या तासाने काढलं तर वायरीच्या टोकाचा मगरचिमटा गायब, नुसती वायर लोंबकळत होती. पट्ट्यांवर रंग चढला, पण अंगठ्याने चोळल्यावर पांढरी भुकटी आणि त्यासोबत रंगही निघाला. कडी करडी-काळपट होऊन बसली.

कन्येची वही भरते आहे, माझा धीर सुटतो आहे.

ओहमचा_नियम

बाबा, दोन प्रश्न. बाथ मिसळल्यावर किती वेळाने पट्ट्या टाकल्या? आणि तापमान मोजलं होतं?

नाशिकचे_बाबा

लगेच. मागचं ॲसिड सोडा घालून ओतून दिलं होतं, म्हणून नवीन केलं. टब कोमट लागत होता, थंडीत बरंच वाटलं.

ओहमचा_नियम

बरं तुम्हाला वाटलं, थराला नाही. ॲसिड पाण्यात मिसळल्यावर बाथ तापतो. गरम बाथमध्ये थर जितका बनतो त्याहून अधिक विरघळतो, मग उरते ती भुकटी. बाथ थंड होईस्तोवर थांबायचं, शक्यतो रात्रभर.

शिवाय चालू असतानाही उष्णता येते. १२ व्होल्ट गुणिले ३ ॲम्पियर म्हणजे ३६ वॅट, अर्धा तास, म्हणजे ६५ किलोज्यूल. दोन लिटरचा बाथ असेल तर ८-९ अंश सहज चढतील. टब बर्फाच्या परातीत ठेवा, बर्फ आत टाकू नका, पातळ होईल. हा हिशोब कन्येलाच करू द्या, फलकावर शोभेल.

भोसरीचा_भाऊ

ओहम साहेबांशी सहमत. उरलेल्या दोन गोष्टी:

पाणी निळं झालं म्हणजे तांबं उतरलं. चिमटा, तांब्याची वायर, स्टील, यातलं काहीही प्लसच्या बाजूने ॲसिडमध्ये बुडता कामा नये. सगळा करंट तेच खातं आणि विरघळतं. आत जाईल ती तार ॲल्युमिनियमचीच, पट्टीला भोक पाडून घट्ट पिळायची. जरा सैल राहिली की तारेखालीही थर बनतो आणि संपर्क तुटतो. आमच्याकडे नवीन पोरांचे निम्मे जॉब जिग (वस्तू टांगायची पकड) सैल म्हणूनच फसतात.

कडी ओतीव आहे, तिच्यात सिलिकॉन भरपूर. सिलिकॉनचं ॲनोडायझिंग होत नाही, ते काजळीसारखं वर राहतं. तिला परत दाराला लावा.

कट्टेकरी

मी अजूनही विरोधातच आहे, पण रोज येऊन बघतो आहे की पुढे काय झालं. ते वापरलेलं ॲसिड "ओतून दिलं" म्हणजे कुठे?

नाशिकचे_बाबा

@कट्टेकरी, खाण्याचा सोडा थोडा थोडा घालत फस थांबेपर्यंत, लिटमसने तपासून, भरपूर पाण्याबरोबर. फस एवढा आला की सौ. म्हणाल्या, "झाला की तुमचा ज्वालामुखी."

निळं पाणी मात्र ओतलेलं नाही, त्यात तांबं आहे. कॅनमध्ये भरून, चिठ्ठी लावून ठेवलं आहे. भाऊंना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

भोसरीचा_भाऊ

ठेवा. नाशिकला अंबडमध्ये ओळखीचा प्लेटिंगवाला आहे, त्याच्या सांडपाण्याच्या टाकीत घेईल.

नाशिकचे_बाबा

झालं! मंडळी, झालं!!

शनिवारी रात्री बाथ बनवून ठेवला. रविवारी सकाळी सहाला १६ अंश, नाशिकची थंडी कामाला आली. ॲल्युमिनियमची तार, पाच पट्ट्या, करंट सुरुवातीला २.८, शेवटी २.१. बर्फाच्या परातीमुळे बाथ २१ च्या वर गेला नाही. पाण्याने, मग सोड्याच्या पाण्याने धुतल्या. खाण्याच्या लालने फिका गुलाबी आला, लोकर रंगवायच्या निळ्याने मात्र असा निळा आला की मीच बघत राहिलो. मग आरओच्या पाण्यात ४० मिनिटं उकळल्या. नखाने निघत नाही, अंगठ्याने निघत नाही, सौ.नी तारेच्या घासणीने घासलं, निघाला नाही. बीप नाही.

पाचवी पट्टी कन्येने मुद्दाम आधी उकळून मग रंगात टाकली. तिच्यावर रंग चढलाच नाही. तोंडं मिटल्यावर आत कोण जाणार? ही तिची स्वतःची कल्पना, व्हिडिओत नव्हती.

विमलताई

तुमचा प्रकल्प त्या पाचव्या पट्टीत आहे हो! किचेन बाजूला ठेवा. ५, १०, २०, ३० मिनिटांच्या पट्ट्या करा, रंग किती गडद होतो ते एका ओळीत लावा, शेवटी ही न रंगलेली. परीक्षकाच्या हातात मल्टिमीटर द्या. प्रदर्शनात ॲसिड नेऊ नका, फोटो आणि वही पुरे. वहीत फसलेले दोन्ही प्रयत्न जसेच्या तसे राहू द्या, सुवाच्य करून पुन्हा उतरवू नका.

शेवग्याची_शेंग

आणि खाण्याचा रंग उन्हात उडतो म्हणतात, एक पट्टी गच्चीवर, एक कपाटात ठेवा की.

नाशिकचे_बाबा

उशिरा लिहितो आहे. प्रदर्शन झालं. परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "स्प्रे पेंट मारून का नाही आणलं?" तिने न बोलता एक स्प्रे मारलेली पट्टी, एक आपली पट्टी आणि एक किल्ली पुढे ठेवली. त्यांनी दोन्ही खरवडून बघितल्या. मग एका पट्टीला खर्च किती विचारला, ते तिला सांगता आलं नाही, आता हिशोब मांडून बसली आहे. तालुक्याला निवड झाली आहे.

प्रश्न २ चं माझं उत्तर: ॲसिडला तिने हात लावला नाही, लावला तो मी. बँकेत जायची माझी सुती पँट धुऊन आल्यावर गुडघ्यावर चाळणी झालेली निघाली. ओतताना काहीच कळलं नव्हतं. कट्टेकरी, तुमचा तेवढा मुद्दा मान्य.

कट्टेकरी

पँटचा फोटो तालुक्याच्या फलकावर लावा. अभिनंदन कन्येचं, तुमचं नाही.

शेवग्याची_शेंग

भाऊ, आता शेवटचं विचारते. माझी ती पांढुरकी पडलेली कढई तुमच्याकडे पुन्हा काळी करून मिळेल का?

भोसरीचा_भाऊ

ताई, होईल, पण हँडलचे रिव्हेट स्टीलचे असतील, टाकीत गेले की विरघळले. आधी हँडल उतरवून आणा. नणंदेलाही आणा, तिला टाकी दाखवतो.